ललिता पवार

सिनेमातील खाष्ट सासू म्हटले की अजूनही अनेकांच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा उभा राहतो. ओठ घट्ट मिटलेले, मान किंचित वाकडी आणि डावा डोळा बारीक झालेला. ललिता पवार यांचा हा चेहरा इतका सर्वपरिचित झाला की, त्याच्यामागे एक जुनी इजा आहे याचा प्रेक्षकांना जवळजवळ विसरच पडला.

पैठणीसाठी प्रसिद्ध असलेल्या येवल्यात १९१६ साली त्यांचा जन्म झाला. मूळचे नाव अंबा. मूकपटांच्या काळात, अगदी लहान वयात, त्या कॅमेऱ्यासमोर आल्या आणि पुढे नायिका झाल्या. ‘कैलास’ या १९३२ च्या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता, तर १९३८ साली ‘दुनिया क्या है’ हा बोलपट त्यांनी स्वतःच काढला. कुलीन घरच्या मुलीने चित्रपटात जावे की नाही, याचा खल तेव्हा घरोघर चालू होता. अशा वेळी एका तरुण नटीने चित्रपटाच्या जमाखर्चाची जबाबदारी आपल्या शिरावर घ्यावी, ही गोष्ट लहान नव्हे. त्यांच्या चरित्रातील या पर्वाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही.

१९४२ साली, एका चित्रपटाचे चित्रण चालू असताना, प्रसंगातील थप्पड सहकलाकाराच्या हातून नको इतक्या जोराने बसली. चेहऱ्याच्या एका बाजूस पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा पोहोचली. दीर्घकाळ उपचार झाले, तरी डोळा पूर्ववत झाला नाही. त्या काळच्या नायिकेचे सारे भांडवल तिचा मुखडा. तो गेला म्हणजे धंदा बुडाला, असाच या व्यवसायाचा रोकडा हिशेब होता. त्यांचे वय तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते.

यापुढची हकीकत सहसा एका वाक्यात सांगितली जाते: डोळा बारीक झाला, म्हणून खलनायिकेच्या भूमिका मिळाल्या. हे अर्धसत्य आहे. व्यंगामुळे फार तर दार उघडते; आत गेल्यावर काय करायचे ते नटीलाच ठरवावे लागते. प्रभातच्या ‘रामशास्त्री’मध्ये (१९४४) त्यांनी आनंदीबाई उभी केली. ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून लोककथेने रंगविलेली ही बाई आरडाओरडा करून साकारता येत नाही. तिचे कारस्थान नजरेतूनच उमटावे लागते. शांतारामबापूंच्या ‘दहेज’मध्ये (१९५०) त्या सासू झाल्या आणि पुढे सासू म्हटली की ललिताबाई, असे समीकरणच होऊन बसले. त्यातील काही भूमिका एकसुरी होत्या, हेही कबूल केले पाहिजे. मात्र त्याचा दोष त्यांच्यापेक्षा त्या भूमिका लिहिणाऱ्यांकडे अधिक जातो.

खरी पारख झाली ती राज कपूर यांच्याबरोबरच्या दोन चित्रपटांत. ‘श्री ४२०’मध्ये (१९५५) त्या मुंबईच्या रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई झाल्या आणि ‘अनाडी’त (१९५९) मिसेस डिसा. ही घरमालकीण तोंडाची फटकळ आहे. भाड्यासाठी भाडेकरूला धारेवर धरते, आणि आतून त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया करते. दूषित औषधाने तिचा मृत्यू होतो आणि त्याचा आळ त्याच मुलावर येतो. जो डोळा सुनेकडे संशयाने पाहत असे, तोच डोळा येथे वात्सल्य लपविण्याची खटपट करताना दिसतो. डोळा बदलला नव्हता. बदलले होते ते आवाजाचे वजन आणि शब्द टाकण्याआधीची ती क्षणभराची थांबणूक. या भूमिकेला फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांना गौरविले.

त्याच वर्षी ‘संपूर्ण रामायण’ या चित्रपटात त्यांनी मंथरा रंगविली. सव्वीस वर्षांनी, १९८७ मध्ये, रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि तीच मंथरा पुन्हा त्यांच्याकडे चालून आली. आता त्यांनी सत्तरी ओलांडली होती. चित्रपटगृहाचा पडदा भव्य असतो. दूरदर्शनचा पडदा त्यामानाने चिमुकला, आणि तो घराच्या बैठकीत मांडलेला. त्यामुळे तेथे चेहरा प्रेक्षकाच्या अगदी जवळ येतो. कैकेयीच्या कानाशी लागलेली ती कुबडी दासी रविवारी सकाळी घराघरांत पोहोचली. मूकपटांपासून अभिनय करीत आलेल्या या नटीला अनेक मुलांनी प्रथम पाहिले ते याच रूपात.

त्यांच्या चित्रपटांची संख्या सातशेच्या घरात सांगितली जाते. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविले, तेव्हा अयोध्येच्या महालात ती मंथरा तोच डावा डोळा बारीक करून पुन्हा कैकेयीच्या कानाशी लागली.