रोजची वही : निवड, वापर आणि जतन
(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साठ वर्षे हैदराबादेत मराठी शिकवणाऱ्या या शाळेच्या हीरक महोत्सवात बोलण्याची संधी मला मिळाली, याबद्दल समितीचा मी ऋणी आहे. माझे आयुष्य जुन्या कागदपत्रांच्या जतनाच्या कामात गेले. त्यामुळे शिक्षणासारख्या मोठ्या विषयावर अधिकाराने बोलणे मला जमणार नाही. मी बोलणार आहे तो विषय आपल्या मुलांच्या दप्तरात रोज असतो. तो म्हणजे वही.

जूनमध्ये शाळा सुरू होताना आपण वह्या डझनाने आणतो, खाकी कव्हरे घालतो, नावे लिहितो आणि विषय संपवतो. वही चांगली कशी ओळखावी, हे मात्र आपल्याला कोणी सांगितलेले नसते. शिवाय महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आपली मुले रस्त्यावर तेलुगू आणि दखनी ऐकतात आणि मोबाइलवर मराठी लिहिताना रोमन अक्षरे वापरतात. देवनागरी मराठी हाताने लिहिण्याची त्यांच्या आयुष्यातली जागा आता बहुतांशी शाळेच्या वहीपुरती उरली आहे. ती जागा नीट असावी, एवढाच माझा आग्रह आहे.

आरंभी थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपल्याच प्रदेशाचा आहे. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा नावाचे गाव आहे. हाताने कागद बनवणाऱ्या कागदी मंडळींची ती वस्ती. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलवली, तेव्हा हे कारागीर दक्षिणेत आले, असे परंपरा सांगते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणजे कागजीपुरा आपल्याच जुन्या राज्यातले गाव. तिकडे पुणे प्रांतात जुन्नरही हातकागदासाठी प्रसिद्ध होते. चिंध्या, सणाचे जुने दोर असा माल कुटून लगदा करायचा, तो पाण्याच्या हौदातून जाळीवर उचलायचा, ताव वाळवायचा, त्याला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने तो घोटायचा, अशी ती रीत होती. खळ दिल्याने कागद शाई पिऊन टाकत नसे आणि घोटल्याने बोरू अडखळत नसे. पुढे गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हा व्यवसाय मागे पडला. पुण्याच्या हातकागद संस्थेने १९४० पासून त्याला पुन्हा बळ देण्याचा प्रयत्न केला.

त्या कागदाचे बळ पाहायचे असेल, तर पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल पाहावेत, किंवा आपल्याच शहरात तारनाक्याच्या अभिलेखागारात जपलेली शाहजहान-औरंगजेबाच्या काळातली दख्खनची कागदपत्रे पाहावीत. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा कागद आजही उलगडता येतो आणि काजळाची काळी शाई आजही वाचता येते. याउलट शंभर वर्षांपूर्वी छापलेली कित्येक पुस्तके हाती घेतली की कोपरे तुटून पडतात. कारण स्पष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्यापासून कागद होऊ लागला आणि त्याला राळ व तुरटीची खळ दिली जाऊ लागली. तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होते आणि ते तंतूंना आतून खाते. लाकडातला लिग्निन काढून टाकला नाही, तर उजेडात कागद पिवळा पडतो. रोजचे वर्तमानपत्र दोन दिवस उन्हात राहिले की काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. सुदैवाने आता पुष्कळ गिरण्या आम्लविरहित पद्धतीने कागद करतात, त्यामुळे आजची चांगली वही आपल्या आजोबांच्या काळातल्या गिरणीच्या वहीपेक्षा जास्त टिकू शकते. मात्र ती निवडून घ्यावी लागते.

निवडताना पहिली गोष्ट वजनाची. कागदाचे वजन 'जीएसएम'मध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असे मोजतात. शाळेच्या साध्या वहीचा कागद साठ जीएसएमच्या आसपास असतो आणि छायाप्रतीचा कागद पंचाहत्तर ते ऐंशी. आकडा छापलेला नसेल, तर स्वयंपाकघरातला काटा वापरावा. २४ गुणिले १८ सेंटिमीटरच्या १७२ पानी वहीत सुमारे ८६ कागद असतात आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ पावणेचार चौरस मीटरच्या जवळपास भरते. कागद ५८ जीएसएमचा असेल, तर पुठ्ठा सोडून वही सुमारे २१५ ग्रॅम भरेल; ७० जीएसएमचा असेल, तर सुमारे २६० ग्रॅम. इथे एक खुलासा करतो. वहीवर 'पाने' म्हणून जो आकडा असतो, तो बहुधा पृष्ठांचा असतो. मराठीत पान आणि पृष्ठ हे वेगळे शब्द आहेत. दुकानात मात्र हा भेद पाळला जात नाही.

वजन हे सर्वस्व नव्हे. जड कागदावरही शाई फुटू शकते, कारण शाई रोखण्याचे काम खळ करते. म्हणून दुकानात जाताना आपले रोजचे पेन बरोबर न्यावे आणि दुकानदाराची परवानगी घेऊन शेवटच्या पानावर एक शब्द लिहून पाहावा. रेघांना केसाळ फाटे फुटले, तर खळ कमी आहे. पान उलटून पाहावे. अक्षरांची नुसती सावली दिसत असेल, तर चालेल. शाईचे ठिपके आरपार आले असतील, तर त्या वहीची एकच बाजू कामाची. मुलाला शाईपेन द्यायचे असेल, तर ही परीक्षा टाळू नये. बॉलपेनसाठी ती कमी महत्त्वाची आहे. मात्र बॉलपेन दाबून लिहिले जाते आणि पातळ कागदावर मागच्या बाजूला वण उठतात. हाताने पान चाचपले की ते कळते.

कागद पिवळा पडेल की नाही, हे घरीच तपासता येते. वहीचे एक कोरे पान काढून त्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकावा आणि ते दोन आठवडे खिडकीच्या उन्हात ठेवावे. उघडा भाग झाकलेल्या भागापेक्षा स्पष्ट पिवळा झाला, तर त्या वहीत गृहपाठ करावा, जपून ठेवायचे काही लिहू नये. अति पांढऱ्या, निळसर झाक असलेल्या कागदाला भुलू नये. ती चमक बहुधा मिसळलेल्या द्रव्यांची असते. किंचित मळकट पांढरा कागद वाचायला सुखाचा असतो.

दुसरी गोष्ट बांधणीची. मधोमध पिन मारलेली वही स्वस्त आणि सोयीची असते. पण तिच्यातले एक पान फाडले की जोडीचे पान सुटते आणि दमट हवेत पिन गंजून कागद खाते. नुसत्या गोंदाने चिकटवलेली वही सपाट उघडत नाही, आणि बळे उघडली तर पाने हातात येतात. तारेची वही छान उघडते, पण दप्तरात तिची तार वाकते. वर्षानुवर्षे जपायची वही जुजबंदीची घ्यावी, म्हणजे कागदांच्या घड्या दोऱ्याने शिवून मग पुठ्ठ्यात बसवलेली. ओळखायचे कसे? वही मधोमध उघडावी. घडीच्या पोटात दोरा दिसला आणि वही टेबलावर आपोआप सपाट राहिली, तर बांधणी चांगली आहे.

तिसरी गोष्ट रेघांची, आणि इथे आपल्या लिपीचा विशेष विचार करावा लागतो. बाजारातल्या पुष्कळ वह्यांच्या रेघा इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखलेल्या असतात. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतो, खाली उकार आणि ऋकार येतो, आणि जोडाक्षरे उभी मांडली तर आणखी उंची लागते. सहा मिलिमीटरच्या ओळीत 'पूर्वीच्या' हा शब्द लिहून पाहा. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर बसतो. मग मूल वेलांट्या आखूड करते आणि ऱ्हस्व-दीर्घ एकसारखे दिसू लागतात. शिक्षक त्याला शुद्धलेखनाची चूक म्हणतात, आणि पुष्कळदा तो दोष अरुंद रेघांचा असतो. आठ-नऊ मिलिमीटरचे अंतर देवनागरीला सोयीचे पडते. लहान वर्गांसाठी दुरेघी वही, आणि हात बसल्यावर रुंद एकरेघी, असा क्रम मी सुचवीन.

आता वापर. पहिल्या दोन पृष्ठांवर अनुक्रमणिकेसाठी जागा सोडावी, पृष्ठांना क्रमांक द्यावेत, रोज तारीख आणि वार लिहावा. समास रुंद ठेवावा, कारण नंतर सुचलेली गोष्ट तिथेच लिहिता येते. पान फाडू नये. चुकले तर एक रेघ मारून पुढे जावे. उन्हाने फिकी न पडणारी काळी शाई वापरावी. फाटलेल्या पानावर चिकटपट्टी लावू नये, ती काही वर्षांत पिवळी पडून डाग सोडते. वह्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. भिंतीतली ओल कागदात उतरते आणि ओलीपाठोपाठ कसर आणि वाळवी येते. वर्षातून दोनदा वह्या उघडून, झटकून, सुती कापडात बांधून ठेवाव्यात. दप्तरखान्यातला रुमाल म्हणजे हेच कापड.

आणि वही फार महाग घेऊ नये. कातडी पुठ्ठ्याची, भेट मिळालेली वही 'चांगले काहीतरी लिहू' म्हणून कपाटात कोरी राहिलेली आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. जिच्यात किराण्याचा हिशेबही न संकोचता लिहिता येतो, ती वही रोजच्या उपयोगाची. आपल्या मुलांना हेही सांगायला हवे की वर्षअखेरीस जुन्या वह्यांतली कोरी पाने काढून, ती शिवून कच्ची वही करण्याची आपली पद्धत काटकसरीची होती तशीच शहाणपणाचीही होती. हैदराबादहून नागपूरकडे जाताना सिरपूर-कागजनगर स्थानक लागते. तिथली कागद गिरणी १९३८ साली स्थापन झाली, मध्यंतरी काही वर्षे बंद राहिली आणि २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. कागद गिरणीवरूनच गावाला नाव मिळाले. ते स्थानक आले की मुलांना खिडकीतून दाखवावे. प्रत्येक तावामागे पाणी, बांबू, लाकूड आणि माणसांचे श्रम असतात, हे तिथे न सांगता कळते.

आता शेवटची विनंती. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत खूप काही फक्त तोंडी उरले आहे : आजीच्या गोडा मसाल्याचे प्रमाण, कुलदैवताचे गाव, हैदराबादेत पहिल्यांदा कोण आले आणि कोणत्या नोकरीसाठी आले, मावशीच्या तोंडच्या म्हणी, तेलुगूतून आपल्या बोलण्यात येऊन रुळलेले शब्द. सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. मोबाइलमधले ध्वनिमुद्रण फोन बदलला की हरवते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या तरी अभंग लोकांच्या मुखी राहिले, कारण ते पाठ असलेली माणसे भोवती होती. आपल्या घरातल्या गोष्टी पाठ असणारी माणसे मात्र एक-दोनच उरली आहेत.

म्हणून प्रत्येक घराने यंदा जुजबंदीची, रुंद रेघांची, चांगल्या कागदाची एक वही आणावी. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीपूजन करतात. आपण त्याच दिवशी ही घरची वही सुरू करावी. आजी-आजोबांनी सांगावे आणि नातवंडाने देवनागरीत लिहावे. आठवड्याला एक पृष्ठ लिहिले, तरी १७२ पृष्ठांची वही तीन वर्षे पुरेल. मुलाचे अक्षर सुधारेल, मराठी सुधारेल, आणि शाळेच्या अमृतमहोत्सवाला या वह्यांचे एक छोटे प्रदर्शन याच सभागृहात भरवता येईल. ते भरवण्याची जबाबदारी माजी विद्यार्थी संघाने घ्यावी, अशी मी जाहीर सूचना करतो.

 शाळेला दीर्घायुष्य लाभो.