बांध सर्वांचा, उघाडी कोणाची?



बेलापूरच्या ज्या परिसरात आज आपण जमलो आहोत, तेथे व आसपास पूर्वी खाडीकाठच्या खार जमिनी होत्या. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील गावांच्या जमिनीवर नवे शहर उभे राहू लागले. त्यापूर्वी येथील शेतकरी मातीचे बांध घालून उधाणाचे पाणी थोपवीत व आत भात पिकवीत. आजचा विषय समजण्यास तो बांध पुरेसा आहे.

विषय आहे खेळांच्या सिद्धांताचा. माझा लाभ केवळ माझ्या चालीवर नव्हे, तर तुमच्याही चालीवर अवलंबून असतो, अशा प्रसंगांचा हा विचार होय. फॉन नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथाने त्याला शास्त्राचे रूप दिले. १९५० मध्ये ॲल्बर्ट टकर यांनी सांगितलेली दोन कैद्यांची गोष्ट सर्वत्र उद्धृत होते. मला तुरुंगापेक्षा बांध जवळचा वाटतो.

बांधाला उघाडी असते. ओहोटीला तिच्यातून आतले पाणी बाहेर जाते, भरतीला ती बंद होते. समजा, तिचा गाळ उपसण्यासाठी दहा शेतकऱ्यांनी एकेक दिवस द्यावयाचा आहे. दिवसाची मजुरी १० रुपये धरू. एकाच्या कामाने ३० रुपयांचा लाभ होतो, परंतु तो दहा जणांत सारखा वाटला जातो. म्हणजे १० खर्चून स्वतःच्या पदरात ३ पडतात. इतर काहीही करोत, घरी बसणेच फायद्याचे! सर्वांनी हाच हिशेब केला की गाळ तसाच राहतो. सर्व आले असते, तर प्रत्येकास खर्च वजा जाता २० रुपये उरले असते.

आता बांध पाहू. समजा, त्याचा एकेक तुकडा एकेकाने राखावयाचा आहे. एका ठिकाणी खांड पडली तरी खारे पाणी सर्वांच्या शेतात शिरते, आणि मीठ धुऊन जाण्यास दोन-तीन पावसाळे लागू शकतात. नऊ जणांनी आपले तुकडे राखले, तर दहाव्याला आळस परवडत नाही. त्याचेही पीक बुडेल. मात्र शेजारी राखणार नाही अशी शंका आली, तर स्वतःचे श्रम त्याला व्यर्थच वाटतात. येथे लोभ नाही, भरवसा नाही.

आपण कार्यालयीन मंडळी दोन्ही प्रसंगी एकच नोटीस काढतो. वास्तविक, उघाडीसाठी हजेरी, वर्गणी व दंड हवा. बांधासाठी उधाणापूर्वी सर्वांनी मिळून केलेली पाहणी अधिक उपयोगी; शेजाऱ्याचा तुकडा डोळ्यांनी पाहिला की माणूस फावडे उचलतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात कुरणे व पाटपाणी सांभाळणाऱ्या समूहांचा अभ्यास मांडला. टिकलेल्या व्यवस्थांत नियम आणि देखरेख बहुधा उपभोक्त्यांचीच होती. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शहर झाले तरी उघाडी गेलेली नाही. नवी मुंबईच्या सखल भागांत धारण तलाव आहेत. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी त्यांत साठते, ओहोटीला खाडीत जाते. नाल्यात प्लॅस्टिकची पिशवी टाकणाऱ्याच्या वाट्याला त्या नुकसानीचा अगदी अल्प अंश येतो. खेळ उघाडीचाच आहे. फक्त खेळणारे दहा नसून लाखो आहेत व एकमेकांस ओळखत नाहीत. तेथे हजेरी कोणी घ्यावी, हे आता आपणच सांगावे. पंचायत सदस्यांपासून आरंभ करू.