थंडीचा प्रवास आणि फिरवलेला बेत



दिवस मावळला तरी भिंतींची धग जात नाही, अशा या दिवसांत आम्ही थंडीच्या प्रवासावर बोलायला उभे राहिलो, याचे कोणाला हसू आले तर ते साहजिक आहे. पण थंडीचे बेत थंडीत ठरत नाहीत. ते दिवाळीच्या फराळावर ठरतात, आणि एकदा तिकिटे हातात पडली की मग कोणी कोणाचे ऐकून घेत नाही. तेव्हा हा विषय उन्हाळ्यातच काढलेला बरा.

आपला धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या माथ्यावरचा, पर्जन्यछायेतला. आपल्याकडे हिवाळा हा वर्षातला सर्वांत गुणी ऋतू. रस्ते कोरडे, आकाश निरभ्र, ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. तुळजापूरचे शाकंभरी नवरात्र पौषात येते, आणि त्यासाठी पायी निघालेल्या माणसाला थंडी अडवीत नाही, उलट चार पावले अधिक चालवते. अवकाळी पाऊस आणि गारा येत नाहीत असे नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यातला शेतकरी विसरलेला नाही. पण ती पिकावरची आपत्ती होती, वाटसरूवरची नव्हे. वाटसरूला आपल्याकडे भय पावसाळ्याचे. म्हणून चातुर्मासात एका जागी राहावे असा निर्बंध घातला गेला. हिवाळ्यासाठी तसा निर्बंध नाही, कारण त्याची गरज पडली नाही.

आता झाले आहे ते असे की, आपण आपला हिवाळा सोडून दुसऱ्याच्या हिवाळ्यात जाऊ लागलो आहोत. बार्शी लाईट रेल्वेच्या काळात धाराशिवकराला गाडीसाठी येडशी गाठावी लागे, आणि छोट्या डब्यांतून कुर्डुवाडीला पोहोचेपर्यंतच निम्मा प्रवास झाल्यासारखे वाटे. आज रेल्वे गावात आली आहे. नाताळच्या सुटीत मनाली, पौषात काशी-प्रयाग, हे बेत साध्या नोकरदाराच्या घरीही होतात. त्यात वावगे काहीच नाही. मात्र अंगावरचा स्वेटर बदलला म्हणजे ऋतू बदलला हे ध्यानात येतेच असे नाही.

उत्तरेकडचे धुके म्हणजे आपल्याकडे पहाटे तलावावर तरंगते आणि आठ वाजता विरते ते धुके नव्हे. भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण-अफगाणिस्तान ओलांडून वाऱ्यांचे आवर्त येतात; वेधशाळा त्यांना पश्चिमी प्रक्षोभ म्हणते. ते हिमालयावर बर्फ टाकतात आणि मैदानात पाऊस. ते पुढे सरकले की आकाश मोकळे होते, वारा पडतो, रात्र लांब असते, ओली जमीन झपाट्याने निवते. वर ऊबदार हवेचे झाकण आणि खाली गार, दमट हवा. मग पंजाबपासून बिहारपर्यंत धुक्याची एकच चादर पसरते. दृष्टी पन्नास मीटरांच्या आत आली तर त्याला अतिदाट धुके म्हणतात. पन्नास मीटर म्हणजे आपल्या गल्लीच्या या टोकाचे ते टोक. एवढ्या अंतरात भरधाव गाडी थांबत नाही. म्हणून रेल्वेचालक वेग कमी करतो. सिग्नल जवळ आल्याची खूण म्हणून रुळांवर फटाके लावण्याची जुनी पद्धत आहे, आता इंजिनात उपग्रहाच्या आधाराने चालणारी यंत्रेही बसवली आहेत. तरीही गाड्या सहा-सहा, दहा-दहा तास उशिरा धावतात, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीपर्यंत काही गाड्या रेल्वे आधीच रद्द करून टाकते.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. आजींना काशी घडवायची आहे. नातवाला आठ दिवसांची रजा मिळाली आहे, ती वर्षात पुन्हा मिळायची नाही. जाण्यायेण्याची तिकिटे झाली, तिकडची खोली ठरली, सुनेने दशम्या केल्या. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी बातमी येते की परतीची गाडी रद्द, तिकडे दाट धुके. नातू म्हणतो, "आजी, पुढं जाऊ." आजी म्हणते, "आरं, पुढच्या साली म्या असंन का?"

या प्रश्नाला वेळापत्रकात उत्तर नाही. बेत फिरवणे म्हणजे मनाचा कमकुवतपणा असे आपण धरून चालतो ते यामुळेच. पैसे गेले याचे दुःख असते, पण त्याहून मोठे दुःख लोकांना सांगितल्याचे. गल्लीभर निरोप घेऊन झालेला, आणि आता दार उघडून उभे कसे राहायचे? आमचे मत विचाराल तर या लाजेने धुक्यापेक्षा अधिक माणसे संकटात घातली आहेत. वास्तविक आजींच्या प्रश्नाचे उत्तर 'पुढच्या साली' हे नाहीच. फेब्रुवारीच्या मध्यानंतर धुके ओसरू लागते. महाशिवरात्र टाळून फाल्गुनात न्यावे. घाट तोच, गंगा तीच, आणि म्हातारीला फलाटावर रात्र काढावी लागत नाही. रजेचे काय, म्हणाल. साहेबाकडे एक अर्ज अधिक जाईल, एवढेच.

पैशाविषयी एक व्यवहाराची गोष्ट. रेल्वेनेच गाडी रद्द केली तर भाडे पूर्ण परत मिळते. तुम्ही जेथून चढणार तेथे गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि तुम्ही गेला नाहीत, तरीही मिळते. मात्र अर्ज गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी करावा लागतो. इकडून जाताना या नियमाचा उपयोग थोडा, कारण धुके पुढे असते, आपल्या स्टेशनात नसते. परतताना तो कामी येतो, आणि नेमका तेव्हाच कोणाला आठवत नाही.

बर्फाची गोष्ट याहून कठीण. ७ व ८ जानेवारी २०२२ च्या रात्री पाकिस्तानात मरी येथे बर्फ पाहायला गेलेली वीसहून अधिक माणसे आपापल्या मोटारींतच मेली. त्यांत मुलेबाळे होती. काच बंद, ऊब राहावी म्हणून इंजिन चालू, आणि धूर बाहेर टाकणारी नळी बर्फाने बुजली की कार्बन मोनॉक्साईड आत साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप येते आणि ती झोप मोडत नाही. मनालीजवळ २०२४ च्या डिसेंबरअखेर सोलंग आणि अटल बोगद्याच्या रस्त्यावर शेकडो गाड्या अडकल्या, हजारो प्रवाशांना पोलिसांनी खाली आणले. ती मंडळी सुखरूप परतली ही दैवाची आणि त्या पोलिसांची कृपा.

देवाधर्माचे निमित्त सांगणाऱ्यांना आम्ही केदारनाथ दाखवतो. भाऊबीजेला तेथील कपाट बंद होते आणि उत्सवमूर्ती पालखीतून उखीमठाला उतरते. हिवाळाभर पूजा तेथेच. देव स्वतः मुक्काम हलवतो आणि त्यात कोणी कमीपणा मानीत नाही. आपल्याकडेही मुहूर्त गाठणे जमले नाही तर तांदूळ-सुपारी फडक्यात बांधून शेजारघरी ठेवीत. त्याला प्रस्थान ठेवणे म्हणत. निघालो, पण निघालो नाही! बेत मोडायचा नाही आणि माणूसही अडचणीत घालायचा नाही, अशी ही युक्ती होती. जुन्या बायकांना ती ठाऊक असेल.

शेवटी एक योगायोग. मनालीला गाड्या अडकल्या त्याच आठवड्यात, सोमवार ३० डिसेंबर २०२४ रोजी, आपली वेळा अमावस्या होती. ज्या घरांनी बातमी ऐकून हिमाचलचा बेत फिरवला असेल, त्यांच्या मुलांना त्या दिवशी शेतातली कडब्याची खोप मिळाली असेल, पांडवांची पूजा, गाडग्यातली आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे मिळाले असतील. बर्फ पाहायला मिळाला नाही म्हणून एखादे पोर दुपारपर्यंत रुसलेही असेल. दिवस कलल्यावर हेंडगा पेटला की ते त्याच्यामागे बांधाबांधाने धावलेच असेल.