हजेरीत नसलेले मजूर



बालमजूर म्हटले की आपल्याला हॉटेलातला पोऱ्या आठवतो. त्याला निदान मालक आहे. त्या मालकावर खटला भरता येतो. मला बोलावयाचे आहे ते कागदोपत्री ज्यांना मालकच नाही, अशा मुलांविषयी.

दसरा-दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. मजुरी मात्र टनावर. हिशेब टनावर आला की घरातला प्रत्येक हात कामाला लागतो. मुले वाढे गोळा करतात, मोळ्या बांधू लागतात, बैलांना पाणी दाखवितात. दहा वर्षांची पोर कोपीवर तान्हे भावंड सांभाळते, तेव्हा कुठे आईचे हात फडात मोकळे होतात. कारखान्याच्या वजनकाट्यावर त्या पोरीचेही श्रम तोलले जातात; पण हजेरीत तिचे नाव नसते.

याचे खापर आईबापांच्या अडाणीपणावर फोडण्याची आपल्या सुशिक्षितांना सवय आहे. मला ते मान्य नाही. गुरे राखायला नि शेतकामाला मुले लागतात म्हणून गरीब शेतकरी त्यांना शाळेत घालू शकत नाही, हे जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे स्पष्ट मांडले होते. सक्तीच्या शिक्षणाबरोबर त्यांनी शिष्यवृत्त्याही मागितल्या, त्या याचसाठी. कोरडवाहू जमीन, आजारपण, लेकीचे लग्न यांपायी उचल घेतली जाते आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या मानेवर बसते. हे अज्ञान नव्हे, कर्ज आहे.

कायदा काय करतो? १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी आली; पण शाळेची वेळ सोडून कुटुंबाला मदत करण्याची मोकळीक राहिली. फडातली पोर ‘आईला मदत’च करीत असते! आणि तोडणीचा हंगाम म्हणजे शाळेचे जवळजवळ सगळे दुसरे सत्र. २०१० पासून शिक्षण हा मुलांचा कायदेशीर हक्क आहे, पण टोळी एका शिवारातून दुसऱ्या शिवारात हलत राहते. नाव गावच्या पटावर नि मूल भलत्याच जिल्ह्यात.

अशी दोन-तीन वर्षे गेली की शाळा सुटते ती सुटतेच. मुलगा मिसरूड फुटायच्या आत कोयता धरतो. जोडी असल्याशिवाय पुरी उचल नाही, म्हणून मुलीचे लग्न उरकले जाते आणि नवा कोयता तयार होतो.

गावी हंगामी वसतिगृहाची सोय शासनाने मान्य केलेली आहे. पण टोळ्या गेल्यावर ते उघडून कोणाच्या उपयोगाचे? गावातच वेळेवर रोजगार हमीचे काम निघाले तर काही घरे जाणारच नाहीत. त्यासाठी कामाच्या मागणीचे अर्ज पावसाळा सरताच भरून घेतले पाहिजेत.

मुकादमाच्या वहीत कोयत्यांची नोंद असते. आपण त्यांच्या मुलांची नोंद करू: नाव, इयत्ता, मागे सांभाळणारे कोणी आहे की नाही. दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी ही यादी मुख्याध्यापक नि गटशिक्षणाधिकारी यांच्या हाती पडली पाहिजे, आणि पोच घेतल्याशिवाय कोणी परतू नये. आरंभ तांड्यांपासून आणि दलित वस्त्यांपासून करावा.