टंगस्टन आणि पोलादाचा जोड
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझं काम एका वाक्यात सांगायचं तर टंगस्टन आणि पोलाद एकमेकांना जोडायचं. विज्ञानाचे सर पुढेच बसलेत, त्यामुळे जपून बोलतो.

सूर्यात हायड्रोजनचे अणू एकत्र येऊन ऊर्जा निघते. तेच पृथ्वीवर करून पाहण्यासाठी फ्रान्समध्ये 'इटर' ही भट्टी उभी राहतेय. २००५ पासून भारत तिच्यात भागीदार आहे. तिचं अवाढव्य बाहेरचं आवरण गुजरातेत हजिऱ्याला घडलं. आतला वायू १५ कोटी अंशांपर्यंत तापवायचा. चुंबक त्याला भिंतीपासून लांब धरतात, तरी झळ लागतेच. म्हणून तिथे टंगस्टन, आपल्या जुन्या बल्बच्या तारेचा धातू. तो वितळतो ३४२२ अंशांना, पण आहे ठिसूळ. इटरमध्ये त्याच्या मागे तांब्याच्या मिश्रधातूची नळी असते. पुढे खरोखर वीज देणाऱ्या भट्ट्यांत मात्र पोलाद लागेल. त्यासाठीचं खास पोलाद कल्पक्कम, गांधीनगर आणि हैदराबादच्या संस्थांनी मिळून आपल्या देशात बनवलंय.

आता खरी अडचण. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोहार ती लाल तापवायचा, बसवली की पाणी ओतायचा. धाव आकसायची आणि चाक आवळून धरायची. तिथे आकसणं कामाचं होतं, इथे तेच घात करतं. मीटरभराच्या पट्ट्या हजार अंशांनी निवल्या तर टंगस्टन साधारण साडेचार मिलिमीटर आकसतं, पोलाद बारा. जोडलेले असले तर ही ओढ जोडावर येते आणि नुसतं निवतानाच तडा जाऊ शकतो. शिवाय लोखंड आणि टंगस्टन थेट भिडले की मध्ये ठिसूळ थर तयार होतो. मध्ये व्हॅनेडियम घालावं, त्याचं आकसणं दोघांच्या मधलं, तर पोलादातला कार्बन त्याच्याकडे धावतो आणि तिथेही ठिसूळ थर! निकेल असलेला भरणधातू छान धरतो, पण न्यूट्रॉनच्या माऱ्याने निकेल दीर्घकाळ किरणोत्सारी राहतं. मग तोही नको.

आणि जोड सुटला की उष्णता मागे जायची वाटच बंद. टंगस्टन तापत जातं, शेवटी तेही वितळतं. म्हणून आम्ही नमुने शेकडो वेळा तापवतो, निववतो आणि ध्वनिलहरींनी आतली फट शोधतो.

निरवांगीहून वालचंदनगर जवळच. तिथे किंवा दुसऱ्या कुठल्या वर्कशॉपात लेथवर काम केलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. टूलच्या पोलादी दांड्यावर ब्रेझिंगने बसवतात ती कार्बाइडची टीप टंगस्टनचीच. टीप मोठी असली तर मध्ये तांब्याचा पत्रा घालतात. तांबं मऊ, दोघांची ओढ ते स्वतःवर घेतं. प्रयोगशाळेत आम्हीही मऊ धातूचा असा थर घालून पाहतो.

टूलरूममध्ये काम केलेलं कुणी इथे असेल, तर पंगतीत माझ्या शेजारी बसा. ब्रेझिंग झालेली मोठी टीप तुम्ही राखेत निववायचा की चुन्यात, आणि का, हे मला सविस्तर ऐकायचंय.