हजेरीपटातली सर्व नावे



थंडीचे दिवस आले की आपल्या शाळांतून स्नेहसंमेलनाची धांदल सुरू होते. एखादे नाटुकले बसवायचे ठरते. गुरुजी वर्गावरून नजर फिरवतात आणि पाच-सहा जणांची निवड करतात. ज्याची वाणी स्वच्छ, जो न अडखळता बोलतो, ज्याच्या घरून पोशाखाचे पैसे वेळेवर येतात, तो राजा होतो. त्याच्या खालोखालचे प्रधान आणि शिपाई होतात. उरलेली मुले सतरंज्या घालतात, पडद्याची दोरी ओढतात. आणि काही मुले अशीही असतात, की त्यांना दोरी ओढायलासुद्धा कुणी बोलावत नाही. ज्याची जीभ अडखळते, ज्याचा पाय अधू आहे, जे पालावरून शाळेत येते, ज्याच्या घरच्या बोलीला वर्ग हसतो, अशा मुलाचे नाव हजेरीपटात असते. नाटकाच्या यादीत मात्र ते सापडत नाही.

यात गुरुजींचा दुष्टपणा आहे असे मी म्हणणार नाही. दिवस थोडे असतात, पाहुणे मोठे यायचे असतात, नाटक चांगले व्हावे ही इच्छा असते. पण सर्वांना घेतले तर नाटक बिघडते, ही आपली समजूत खरी आहे का? ज्यांनी ही समजूत बाजूला ठेवून, वस्तीतल्या साऱ्या पोरांना घेऊन नाटक उभे केले, अशा काही माणसांविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

ही गोष्ट आपल्याकडे अगदीच नवी नाही. राष्ट्र सेवा दल १९४१ साली नव्याने उभे राहिले आणि पुढे त्याच्या कलापथकाने गावोगाव कार्यक्रम केले. त्या कलापथकात यायला नाट्यशिक्षणाचा दाखला लागत नसे. पुण्यात माळीकाम करणारे निळू फुले तिथे आले, राम नगरकर आले, आणि पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. ज्यांना कुणी नट म्हटले नसते, त्यांना आधी जागा मिळाली आणि मग ते नट झाले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी जागा, मग गुण.

आता मी आपल्याला थोडे दूर, अहमदाबादला नेतो. त्या शहरात छारानगर नावाची वस्ती आहे. तिथे छारा जमातीचे लोक राहतात. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा केला आणि काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवून टाकल्या. मूल पाळण्यात असतानाच त्याच्या कपाळी चोर हा शब्द लिहिला गेला! पुढे हा कायदा आपल्या भागातही आला. अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड, सेटलमेंटमध्ये, ठेवीत. आपल्या सोलापूरलाही अशी सेटलमेंट होती. छारानगरचा उगमही तसलाच. स्वराज्य आल्यावर, १९५२ च्या ऑगस्ट महिन्यात, हा कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. कायदा गेला, पण कपाळावरचा शब्द पुसला गेला नाही. वस्तीचे नाव सांगितले की नोकरी देणारा मागे सरके, आणि शाळेत काही हरवले की पहिली नजर त्याच वस्तीतल्या पोराकडे जाई. आपल्याकडचे लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ किंवा लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

१९९८ साली या वस्तीत दोन माणसे गेली. एक बंगालच्या थोर लेखिका महाश्वेता देवी, आणि दुसरे बडोद्याला इंग्रजीचे अध्यापन केलेले गणेश देवी. हे देवी मूळचे आपल्या भोरचे. या दोघांनी जाऊन लगेच भाषणे झोडली नाहीत. वस्तीतल्या तरुणांना काय हवे ते त्यांनी विचारले आणि सुरुवात झाली ती एका लहानशा वाचनालयाने. पोरांना रोज येऊन बसायला एक हक्काची खोली मिळाली. त्या खोलीतून पुढे नाटक निघाले.

ते नाटक कशावर होते, हे सांगितले पाहिजे. त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात, बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात, बुधन सबर नावाचा एक तरुण कोठडीत मरण पावला. तो शबर जमातीचा, म्हणजे असाच एकेकाळी गुन्हेगार ठरवलेल्या जमातीचा. त्याने आत्महत्या केली, असे पोलिसांनी सांगितले. घरच्यांनी आणि शबरांसाठी काम करणाऱ्या समितीने मोठे धैर्य दाखवले. चितेवर त्यांनी पुतळा जाळला आणि बुधनचा देह घरातच पुरून ठेवला. त्यामुळे पुढे त्या देहाची पुन्हा तपासणी होऊ शकली. प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात गेले आणि जुलै महिन्यात बुधनच्या विधवेच्या बाजूने निकाल लागला.

या साऱ्या हकिगतीचे कागद छारानगरच्या मुलांच्या हाती आले. पुरुलिया कुठे आणि अहमदाबाद कुठे! भाषा वेगळी, जमात वेगळी. पण दारावर रात्री पडलेली थाप, न केलेल्या चोरीची कबुली मागणारा दंडुका, बाहेर उभी असलेली बायको, हे काही त्यांना परके नव्हते. त्यांनी ‘बुधन’ हे नाटक उभे केले आणि त्या मंडळींचे नावच ‘बुधन थिएटर’ पडले. दक्षिण बजरंगे या वस्तीतल्याच तरुणाने पुढे अनेक वर्षे त्याचे दिग्दर्शन केले.

हे नाटक करायला त्यांच्यापाशी होते तरी काय? रंगमंच नाही, पडदा नाही, दिव्यांची योजना नाही. नटांची शरीरे हीच सामग्री. चौघे हातात हात घालून उभे राहिले की कोठडी झाली, दोघांनी अंग वळवले की दार उघडले. रस्त्यावर, अंगणात, चार माणसे जमतील तिथे प्रयोग. ज्याला संवाद येत नाही तो भिंत होऊ शकतो, आणि ती भिंत हलली तर सारे नाटक कोसळते. तेव्हा भिंत होणाऱ्याचे मोल राजा होणाऱ्याइतकेच ठरते. साधन नाही म्हणून जी युक्ती काढली, तिनेच सर्वांना जागा करून दिली, बघा.

यातले काही जण पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयापर्यंत पोहोचले. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही, की थोरली मुले धाकट्यांना शिकवू लागली. नाटक बसवणारा बाहेरून आलेला कुणी साहेब राहिला नाही. तो वस्तीतलाच झाला. असे काम करणाऱ्याची ही पहिली कसोटी समजावी. तो उद्या निघून गेला तर काम चालते का? चालत असेल, तर त्याने काम केले. थांबत असेल, तर त्याने नुसता कार्यक्रम केला.

नाटकाने सगळे दुःख मिटते, असा माझा दावा नाही, आणि अशी थाप पोरांना कुणी मारूही नये. २०१८ च्या जुलै महिन्यात याच छारानगरात पोलिसांशी मोठा तंटा झाला. घराघरांत शिरून मारहाण झाली, गाड्यांची मोडतोड झाली, अशी रहिवाशांची तक्रार होती. वीस वर्षे नाटके करूनही हे चुकले नाही. मात्र त्या वेळी वस्तीने आपला निषेध शांततेने मांडला. आपले गाऱ्हाणे चारचौघांसमोर, शब्दांत आणि अभिनयात कसे मांडायचे, हे त्या वस्तीला ठाऊक झाले होते. नाटकाने पोटाला भाकरी मिळेलच असे नाही, पण तोंडाला वाचा मिळते, आणि ज्याला वाचा आहे त्याला मुकाट्याने मारणे अवघड जाते.

आता आपल्या घराकडे वळू. त्याच १९९८ साली आपल्या बारामती भागात पिन्या हरी काळे नावाचा एक पारधी असाच पोलिसांच्या ताब्यात असताना मेला. त्याच्या मरणावर छारानगरच्या मुलांनी नाटक केले. पुरुलियाच्या शबराचे आणि बारामतीच्या पारध्याचे दुःख अहमदाबादच्या पोरांनी आपले मानले. आपण मात्र आपल्याच शिवारातल्या पालाकडे पाहून कितीदा थबकतो? त्या पालावरचे एखादे लेकरू आपल्या शाळेत येत असेल. त्याच्यासाठी आपल्या संमेलनात काय जागा आहे?

महाराष्ट्रात या दिशेने झालेल्या एका प्रयत्नाचा उल्लेख करतो. आपल्या बालरंगभूमीचा पाया घालणाऱ्यांत सुधाताई करमरकर आणि रत्नाकर मतकरी ही नावे ठळक आहेत. सुधाताईंनी १९५९ साली ‘लिट्ल थिएटर’ काढले, मतकरींनी १९६२ साली ‘बालनाट्य’. मतकरींनी जन्मभर मुलांसाठी लिहिले. आणि वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, २०१४ च्या सुमारास, त्यांनी ठाण्यातल्या समता विचार प्रसारक संस्थेबरोबर गरीब वस्त्यांतल्या मुलामुलींचा रंगमंच उभा केला. तिथे त्यांनी आपले तयार नाटक मुलांच्या हाती दिले असते, तर कुणी नाही म्हटले नसते. पण विषय मुलांनीच निवडायचा, संवादही त्यांनीच रचायचे, आणि अनुभवी रंगकर्मींनी फक्त हात धरायचा, अशी ती रीत. ज्याच्या लेखणीला इतका मान, त्याने आपली लेखणी बाजूला ठेवून पोरांचे ऐकत बसावे, याला मन मोठे लागते. मे २०२० मध्ये मतकरी गेले. वस्त्यांतल्या मुलांचे नाटक त्यांच्यामागेही चालू राहिले.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्ही म्हणाल, ही मोठी माणसे. आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत काय करणार? करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला खर्च नाही.

पहिली गोष्ट, नाटक हातात घेऊन मुले शोधू नका. मुलांना गोल बसवा आणि त्यांच्याकडून गोष्टी गोळा करा. विहीर आटली त्या वर्षाची गोष्ट, हरवलेल्या शेळीची गोष्ट, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर आजीपाशी राहिलेल्या बहिणीची गोष्ट. यातूनच नाटक जुळवा. मग मुलासाठी भूमिका बेतता येते. अंगाप्रमाणे सदरा शिवावा. सदऱ्याप्रमाणे अंग कापू नये.

दुसरी गोष्ट, उणिवेला वाट काढा. अडखळणारे मूल चौघांबरोबर सुरात बोलले की पुष्कळदा मोकळे होते; त्याला समूहाचे बोलणे द्या, आणि त्याची इच्छा असेल तर पुढे एकट्याचे वाक्य द्या. न दिसणाऱ्या मुलासाठी जमिनीवर एक सुंभाची दोरी पसरा. पायाला दोरी लागली की आपली जागा आली, हे त्याला कळते. न ऐकणारे मूल हातांनी आणि चेहऱ्याने जे सांगेल, ते संवादाहून बोलके ठरू शकते. पण दयेपोटी कोपऱ्यात उभे करू नका, बरं का! प्रेक्षकांनी कौतुक करावे ते त्याच्या कामाचे. अपंग असून उभा राहिला याचे नव्हे.

तिसरी गोष्ट बोलीची. पारध्याचे, वडाराचे, भिल्लाचे किंवा कातकऱ्याचे लेकरू आपल्या घरच्या बोलीत रंगमंचावर बोलले, तर बोलू द्या. ज्या बोलीला वर्ग हसत होता, त्याच बोलीतल्या वाक्याला सारा गाव कान देऊन बसला, की त्या मुलाची मान ताठ होते. मग ते मराठीही जास्त उमेदीने शिकते.

चौथी गोष्ट वेळेची आणि पैशाची. तालीम अशा वेळी ठेवा, की गुरे राखणाऱ्या मुलाला आणि पाणी भरणाऱ्या मुलीलाही येता येईल. मुलींच्या घरी आधी स्वतः जाऊन बोला आणि त्या अंधार पडायच्या आत घरी पोहोचतील असे बघा. पोशाखाची वर्गणी ठेवूच नका. घरातली घोंगडी आणि आईचे जुने लुगडे यांत राजापासून वाघापर्यंत सारे होते.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. मुलाने आपल्या घरचे दुःख सांगितले, तर ते जसेच्या तसे गावापुढे मांडू नका. नाव बदला, गाव बदला, मुलाला आणि घरच्यांना विचारा. ते नको म्हणाले तर तो प्रसंग सोडून द्या. टाळ्यांसाठी लेकराची जखम उघडी करायची नसते. नाटक संपल्यावर त्याला त्याच गावात राहायचे आहे, हे नाटक बसवणाऱ्याने क्षणभरही विसरू नये.

असे नाटक थोडे ओबडधोबड होईल. एखादे वाक्य चुकेल, एखादा उशिरा आत येईल. पण जे बाप कधी शाळेची पायरी चढले नाहीत, ते त्या रात्री पुढच्या रांगेत येऊन बसतील, कारण त्यांचे पोर समोर असेल. शाळा आणि वस्ती यांच्यामधले कुंपण अशा एखाद्या रात्री थोडे वाकते.

तेव्हा येत्या संमेलनाला एवढेच करून बघा. नाटकाची यादी तयार झाली की ती हजेरीपटाशेजारी ठेवा आणि नावे ताडून पाहा. जे नाव गळले असेल, त्याच्यापासून पुढच्या तालमीची सुरुवात करा.