दार वाजवायचं की नाही?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या दिवशी संस्थेचं कौतुक करायचं असतं. प्लॉट कसे पाडले, पाण्याची लाईन कशी आली, रस्त्यासाठी किती हेलपाटे घातले, हे सारं सेक्रेटरींनी अहवालात सांगितलंच आहे. मला कमिटीने 'शेजारधर्म' हा विषय दिला. तसा हा सोपा विषय. दिवाळीला फराळाचं ताट पोचवणं, पाहुणे आले की गाद्या देणं, गावाला जाताना किल्ली शेजारी ठेवणं, यात आपली संस्था पहिल्या वर्गात पास आहे. त्यावर मी काय बोलणार? म्हणून या विषयातला अवघड भाग घेतो. शेजारच्या घरात काहीतरी बरं चाललेलं नाही अशी शंका आपल्याला आली, तर करायचं काय? गप्प बसायचं, दार वाजवायचं, की कुणाला तरी कळवायचं?

ऑगस्ट २०१७ मधली मुंबईची एक बातमी तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. अंधेरीला ओशिवरा-लोखंडवाला भागातल्या एका सोसायटीत, दहाव्या मजल्यावर एक बाई एकट्या राहात होत्या. मुलगा अमेरिकेत. तो आला, बेल वाजवली, आतून उत्तर नाही. किल्लीवाला बोलावून दार उघडलं तर आत आईचा सांगाडा. मुलाचं आईशी शेवटचं बोलणं एप्रिल २०१६ मध्ये झालेलं. त्या मजल्यावरचे दोन्ही फ्लॅट त्यांच्याच कुटुंबाचे होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, असं तेव्हा वृत्तपत्रांत छापून आलं. ही झोपडी नव्हती की रानातलं घर नव्हतं. वॉचमन, लिफ्ट, मेंटेनन्सची बिलं, सगळं असलेली सोसायटी होती. फक्त "या बाई बरेच दिवसांत दिसल्या नाहीत" हे वाक्य वेळेवर बोलणारं कुणी नव्हतं.

ही बातमी वाचून आपल्याकडची माणसं म्हणाली, "मुंबई हाय ती, आमच्या नेसरीत असं व्हायचं न्हाई." खरं आहे. इथं कुणाच्या घरी दुपारी दोनदा कुकरची शिट्टी झाली तर संध्याकाळपर्यंत चौकात कळतं की पाहुणे आलेत. पण म्हणून आपण निर्धास्त राहावं का? मुंबईत कुणाला कळत नाही ही अडचण. आपल्याकडे सगळ्यांना कळतं आणि कुणी बोलत नाही, ही अडचण. नेसरी काय, गडहिंग्लज, आजरा, चंदगड काय, या भागातली पोरं पुण्या-मुंबईला. घरात म्हातारा-म्हातारी, किंवा दोघांतलं एक. कुठं सुनेच्या हातावरचा वळ दिसतो, कुठं एखादं पोर शाळा सोडून घरीच दिसायला लागतं, कुठं आजोबांना मागच्या खोलीत ठेवलेलं असतं आणि बाहेर फक्त खोकल्याचा आवाज येतो. आपण ऐकतो, भाजी घेताना कुजबुजतो आणि घरी जातो.

का गप्प बसतो? माणसं वाईट असतात म्हणून नव्हे. कारणं चांगलीच असतात. "घरचा मामला हाय." "उद्या तोंडाला तोंड द्यायचंय." "आपली शंका खोटी ठरली तर?" आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आपल्याला वाटतं की कळवणं म्हणजे आरोप करणं. एकदा कळवलं की आपण फिर्यादी झालो, शेजारी आरोपी झाला आणि आता सिद्ध करायची जबाबदारी आपली.

माझं सगळं सांगणं या एका गैरसमजाबद्दल आहे. कळवणं म्हणजे आरोप करणं नव्हे. हे मी बँकेच्या काउंटरवर शिकलो.

कॅशियरच्या हातात बनावट नोट आली तर तो काय करतो? नोट परत देत नाही, तिच्यावर शिक्का मारून जप्त करतो आणि समोरच्याला पोचपावती देतो. पण "तू चोर आहेस" असं म्हणत नाही. म्हणणार कसा? त्या बिचाऱ्याला ती नोट बैल विकताना मिळालेली असू शकते. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा सापडल्या तर महिनाअखेरीस पोलिसांना एकत्रित अहवाल द्यायचा. पाच किंवा जास्त सापडल्या तर लगेच एफआयआर. या नियमात मोठं शहाणपण आहे. एक म्हणजे, जशी खूण तसं पाऊल. दुसरं म्हणजे, कॅशियरने न्यायाधीश व्हायचं नाही. त्याने बघायचं, नोंद करायची आणि ज्याचं काम आहे त्याच्याकडे पाठवायचं. खरं-खोटं ठरवायला पुढे माणसं बसलेली आहेत. कॅशियर "माझी शंका खोटी ठरली तर" म्हणून नोट गल्ल्यात टाकायला लागला, तर बँक चालेल का?

शेजाऱ्याचं काम कॅशियरएवढंच आहे, जास्त नाही. आणि कायद्यानेही त्याच्याकडून तेवढंच मागितलंय.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की असा प्रकार घडला आहे, घडतो आहे किंवा घडण्याची शक्यता आहे असं मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. नातेवाईकच पाहिजे असं नाही. आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा २०१२ चा पोक्सो कायदा तर याच्याही पुढे जातो. तिथे कळवणं ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे. माहिती असून कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मानसिक आजार असलेल्या माणसाचा त्याला सांभाळणारेच छळ करत असतील किंवा हेळसांड करत असतील, तर ते पोलीस ठाण्याला कळवायचं असतं. आणि म्हाताऱ्या आई-वडिलांना सोडून देणं हा ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. म्हणजे "घरचा मामला" हे वाक्य कायद्याने केव्हाच खोडून टाकलंय, आपल्या तोंडातून ते अजून गेलेलं नाही.

पण कायदा आहे म्हणून उठलं की पोलीस ठाणं गाठायचं असं मी म्हणत नाही. चुकीच्या ठिकाणी घाई केली तर ज्याला वाचवायचं तोच जास्त अडचणीत येतो. म्हणून मी मनाशी तीन कप्पे केलेत. तुम्हाला पटतात का बघा.

पहिला कप्पा, जीवावरचा प्रसंग. मारहाण चालू आहे, किंकाळ्या येताहेत, दार आतून बंद आहे आणि हाकेला ओ नाही. इथं विचार करत बसायचं नाही. ११२ ला फोन लावायचा. आणि आत एकट्याने घुसायचं नाही. आपण नेसरीचे आहोत. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर सहा स्वारांसह इथल्याच खिंडीत शत्रूवर तुटून पडले, त्या शौर्यापुढं आपण मान तुकवतो. पण ते रणांगण होतं. शेजारच्या घरी धावून जाताना चार माणसं बरोबर घ्यायची.

दुसरा कप्पा, लहान मूल. मूल स्वतःसाठी बोलू शकत नाही. घरच्यांच्या परवानगीची वाट बघायची नाही, आणि मुलाला उलटे-सुलटे प्रश्न विचारून आपण चौकशी अधिकारीही व्हायचं नाही. १०९८ हा नंबर त्यासाठीच आहे.

तिसरा कप्पा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात नाजूक. जाणतं, स्वतःचं बरं-वाईट कळणारं माणूस. सून असेल, आजी असेल, एकटा राहणारा गृहस्थ असेल. इथं आधी त्या माणसाला विचारायचं. पण एकट्याला, दुसरं कुणी समोर नसताना. आणि चुकूनही मारणाऱ्यालाच जाब विचारायला जायचं नाही, कारण त्याची वसुली आपण घरी गेल्यावर तिच्याकडून होते.

एका शाखेत असताना एक आजी दर महिन्याला पुतण्याबरोबर पेन्शन न्यायला येत. आजींनी अंगठा उठवायचा, पैसे पुतण्याने मोजून खिशात घालायचे, आजी दाराकडे बघत बसायच्या. एकदा मी पुतण्याला पासबुक भरून आणायला दुसऱ्या काउंटरवर पाठवलं आणि हळूच विचारलं, "आज्जी, पैसे तुमच्या मर्जीनं काढताय न्हवं?" म्हणाल्या, "घरात खायाला घालत्यात की रं बाबा. तक्रार न्हाई. पर औषधाला चार पैसं हातात ऱ्हायलं तर बरं हुतंय." मी त्या दिवसापासून नियम केला. पैसे आजींच्याच हातात द्यायचे आणि त्यातले औषधाचे त्यांनी माझ्यासमोर कनवटीला लावायचे. पुतण्या दोन महिने घुश्श्यात होता, मग सवय झाली. आजींना केस नको होती, पोलीस नको होता. औषधाचे पैसे हवे होते. विचारलं नसतं तर मला काय हवं ते मीच ठरवून मोकळा झालो असतो.

दार वाजवायलाही मोठं निमित्त लागत नाही. २००८ साली 'बेल बजाओ' नावाची मोहीम टीव्हीवर आली होती. त्यात शेजारच्या घरात मारहाणीचा आवाज येतो आणि एक माणूस जाऊन फक्त बेल वाजवतो. वाटीभर दूध मागतो. बस्स. आत मारणाऱ्याला कळतं की भिंतीपलीकडे ऐकू जातंय. आपल्याकडे तर दुधाचीही गरज नाही. विरजण मागा, कढीपत्ता मागा, पाणी आलं का विचारा. बायकांना हे जास्त चांगलं जमतं. "वैनी, जरा येताय का आमच्यात, पापड लाटायचेत," म्हणून तिला अर्धा तास बाहेर काढलं, तर जे बोलायचं ते ती बोलेल. आज नाही तर पुढच्या खेपेला. ती तयार असेल तर १८१ हा महिलांचा नंबर आहे, आणि वयस्कर माणसांसाठी १४५६७ आहे. हे चारही नंबर या स्मरणिकेत छापलेत हे त्यासाठीच.

आता कुणी म्हणेल, अशानं ज्याच्या-त्याच्या घरात नाक खुपसणं सुरू होईल. ही भीती रास्त आहे. एक दिवस मोठ्याने भांडण झालं म्हणजे छळ नव्हे. पोर रडतंय म्हणजे मारतायत असं नव्हे, दातही येत असतील. मुलगी उशिरा घरी आली, कुणी आंतरजातीय लग्न केलं, कुणाकडे कोण येतं-जातं, याची पंचाईत म्हणजे शेजारधर्म नव्हे, ती चहाडी. फरक ओळखायला एक साधी कसोटी आहे. मला त्या घराचं वागणं आवडत नाही म्हणून मी बोलतोय, की त्या घरात कुणाला तरी इजा होतेय म्हणून? पहिलं असेल तर तोंड बंद. दुसरं असेल तर तारीख, वेळ आणि डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच सांगायचं. "असं ऐकलंय म्हणे" त्यात घालायचं नाही. आणि एकदा कळवलं की चौकात त्याची चर्चा करायची नाही. बँकेत संशयास्पद व्यवहाराचा अहवाल वर जातो तेव्हा तो गेल्याचं खातेदाराला सांगता येत नाही, शिपायालाही कळू देत नाहीत. गुप्तता पाळता येत नसेल त्याने या कामात पडू नये.

वेळेवर तोंड उघडल्याने काय होतं तेही सांगतो. २०२५ साली नवी मुंबईत जुईनगरला एक गृहस्थ आई-वडील गेल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ स्वतःला फ्लॅटमध्ये कोंडून राहिल्याची बातमी आली. जेवण ऑनलाइन मागवायचे, दार क्वचित उघडायचे. कुणीतरी एका सेवाभावी संस्थेला कळवलं, कार्यकर्ते आले आणि त्यांना पनवेलजवळच्या आश्रमात उपचारासाठी घेऊन गेले. ओशिवऱ्याची आणि जुईनगरची सोसायटी सारखीच. फरक एका फोनचा.

तो फोन कुणी करायचा? एकट्याने केला तर वैर एकट्याच्या माथी येतं. म्हणून माझी कमिटीला एक विनंती आहे. आपल्या जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला. जे एका घराला करायला जड जात होतं, ते ठरावाने गावाचं झालं, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. आपणही येत्या वार्षिक सभेत ठराव करू. दोन बायका आणि एक पुरुष अशी तीन सभासदांची समिती नेमू. शंका आली तर त्यांना सांगायचं, पुढचं दार वाजवणं किंवा कळवणं संस्थेच्या नावाने होईल. सांगणाऱ्याचं नाव त्या तिघांपलीकडे जाणार नाही. शिवाय एकट्या राहणाऱ्या प्रत्येक सभासदासाठी रोज सकाळी एक हाक ठरवून घेऊ. पेन्शनरांना हयातीचा दाखला वर्षातून एकदा नोव्हेंबरात द्यावा लागतो. शेजाऱ्याने तो रोज घ्यावा. "आण्णा, चहा झाला का?" एवढा पुरतो.

मी स्वतः सत्तरी ओलांडलीय. माझीही मुलं लांब आहेत. तेव्हा हा ठराव मी थोडा स्वार्थानेच मांडतोय असं समजा. उद्या माझं दार दोन दिवस उघडलं नाही, तर कुणी "त्यांचा घरचा मामला" म्हणू नये. खुशाल वाजवा. मी आत झोपलो असलो आणि उठून चिडलो, तर चहा पाजून पाठवीन.

 

— एक ज्येष्ठ सभासद, निवृत्त बँक अधिकारी, नेसरी